शाळेच्या चार नव्या खोल्या मंजूर झाल्यात. नकाशात नेमकं काय पाहायचं?

कडूनिंब | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी नाशिक तालुक्याच्या पूर्वेकडचा, आडगाव मागे टाकलं की सुरू होणाऱ्या द्राक्षपट्ट्यातल्या एका गावचा. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर यंदा पालकांमधून माझी निवड झाली. पहिली ते सातवी, १४२ मुलं.

गेल्या पावसाळ्यात सकाळी परिपाठ चालू होता, म्हणून मुलं बाहेर ओट्यावर होती. आत चौथीच्या वर्गात स्लॅबचा परातीएवढा पोपडा दुसऱ्या बाकावर पडला. आवाज ऐकून मी आणि गुरुजी धावत आत गेलो. बाकाची फळी मधोमध चिरली होती, दप्तरावर सिमेंटचा भुगा पडला होता. वर पाहिलं तर चार सळया उघड्या. स्टुलावर चढून एका सळईला नख लावलं तर गंजाचे पापुद्रे सुटून हातात आले, आणि आत सळई कोयरीच्या देठाएवढी उरलेली. त्या बाकावर माझी पुतणी बसते.

मग धावपळ केली. संरचनात्मक परीक्षण झालं, दोन खोल्यांचं निर्लेखन, म्हणजे त्या वापरातून काढून पाडायचं, मंजूर झालं, आता चार नव्या खोल्यांना प्रशासकीय मान्यता मिळाली आहे. तांत्रिक मान्यता बाकी आहे. शाखा अभियंता गुरुवारी जागा बघायला येणार आहेत. मुख्याध्यापकांनी नकाशाची एक प्रत दिली. तीनदा पाहिली. चार चौकोन, पुढे ओटा, शेजारी स्वच्छतागृह. यात चूक कुठे असू शकते हे मला कळत नाही, आणि बांधून झाल्यावर कळून उपयोग नाही. जाणकारांनी सांगावं. मुलं सध्या समाजमंदिरात आणि मारुतीच्या सभामंडपात बसतात.

---

सातपूरकर | रविवार, रात्री ९.४८

भाऊ, आधी अभिनंदन. पण एक सांगतो, फार खोलात शिरू नका. मार्चअखेर निधी खर्ची पडला नाही तर परत जातो. आमच्या मूळ गावी समितीने नकाशावरून वाद घातला, दोन वर्षं गेली, मुलं अजून पत्र्याखाली बसतात. मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्या.

---

निवृत्त_ओव्हरसीअर | रविवार, रात्री १०.३५

सातपूरकरांचं म्हणणं मी नोकरीभर ऐकत आलो, त्यात तथ्यही आहे. पण कडूनिंबांना आत्ता जी संधी आहे ती पुन्हा मिळणार नाही. तांत्रिक मान्यतेआधी पाया बदलायचा तर अंदाजपत्रकात एक ओळ बदलते. कार्यारंभ आदेशानंतर तोच बदल म्हणजे जादा बाब, सुधारित अंदाजपत्रक, नवी फाईल. सहा महिने तिथे जातात. म्हणून जे महाग आणि जमिनीखाली आहे ते गुरुवारी बोला. दार कुठे उघडावं वगैरे नंतरही जमतं.

आडगावच्या पुढचा भाग म्हटल्यावर माझ्या मनात पहिला शब्द आला तो काळी माती. द्राक्षाला चांगली, इमारतीला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मे मध्ये आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इमारतीचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा खाली बसतो. तुमच्या जुन्या खोल्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा गेलेल्या असतील तर त्या या मातीच्या आहेत. गिलावा करून त्या बुजत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात परत उघडतात.

तयार नकाशात पायाची खोली छापलेली असते. तो नकाशा सगळ्या जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या मातीसाठी नसतो. गुरुवारी साहेबांना विनंती करा की प्रत्येक कोपऱ्यात आणि मध्ये एक असे पाच खड्डे घेऊन बघूया. काळी माती संपून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं, पाया त्यावर टेकवायचा. मुरूम फार खोल असेल तर जमिनीत खोल उतरवलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलचा, पर्याय आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो अशा मातीसाठीच विकसित केला. माती तपासायला लांब जायची गरज नाही. दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, १९५९ पासून नाशकात आहे, तिथे माती आणि काँक्रीट दोन्हीच्या चाचण्या होतात.

जोत्याच्या आतली काळी मातीही काढायची. मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून. हे काम फरशीखाली झाकलं जातं म्हणून सगळ्यात आधी इथेच हात आखडता घेतला जातो. इमारतीच्या कडेने तीन-चार फूट फरसबंदी करा आणि छताचं पाणी पायाशी न पडता पाइपाने लांब जाऊ द्या. कडूनिंब हे नाव छान आहे, पण ते झाड भिंतीपासून लांब लावा, मुळं पायाखालचं पाणी शोषतात आणि माती आकसते.

भूकंपाचंही बोलून घेतो. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं. किल्लारी १९९३ साली त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. तो धक्का ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला आला, शाळा रिकाम्या होत्या. दुपारी आला असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या पिढीच्या अभियंत्यांच्या डोक्यातून जात नाही. भारतीय मानकात शाळेला साध्या इमारतीपेक्षा दीडपट महत्त्व गुणांक धरायला सांगितलं आहे, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरून गणित करायचं. 'शाळेसाठी दीड धरलाय ना?' एवढा प्रश्न विचारा. उत्तर लगेच 'हो' आलं तर निदान त्याचा विचार झालाय असं समजा, नुसत्या 'हो'वरून हिशेब बरोबर आहे असं ठरत नाही.

बाकी काँक्रीटचं पुढे लिहितो, रात्र झाली.

---

रेखाटन | सोमवार, सकाळी ७.५५

गंगापूर रोडला माझं छोटं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. ओव्हरसीअर काकांनी जमिनीखालचं सांगितलं, मी वरचं सांगते.

नकाशावर आधी उत्तर दिशेचा बाण शोधा. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली हवी, म्हणजे खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात. पश्चिमेला खिडक्या आल्या तर मार्चनंतर दुपारी मुलं घामाघूम होतात, आणि जुलैत सगळा पाऊस त्याच बाजूने आत येतो. पश्चिम टोकाला भांडार खोली किंवा जिना द्या, ती भिंत उन्हाची ढाल होते. खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचव्या भागाएवढ्या असाव्यात असं मी धरते, आणि समोरासमोर, नाहीतर वारा वाहत नाही. फळ्याच्या भिंतीत खिडकी नको, अक्षरं चकाकतात. उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत वर्गाची उंची ३.६ मीटर सांगितली आहे. ती ३ वर आणून पैसे वाचवायचा मोह होतो. तो होऊ देऊ नका, आपल्या उन्हाळ्यात त्या दोन फुटांचा फार फरक पडतो.

दारं. ४५ पेक्षा जास्त मुलं बसणार असतील तर त्या खोलीला दोन दारं हवीत. आज चौथीत वीसच मुलं असतील, पण एक गुरुजी रजेवर गेले की दोन वर्ग एकत्र बसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दारं बाहेर उघडणारी हवीत आणि पूर्ण वळून भिंतीला टेकणारी, नाहीतर ओट्यावर पळणाऱ्या मुलाच्या कपाळात बसतात. घाबरलेली पोरं दारावर एकदम रेटतात तेव्हा आत उघडणारं दार उघडतच नाही.

वरचा मजला पुढे चढवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. पाया आणि कॉलम त्या हिशेबाने धरावे लागतात. जिना दीड मीटरपेक्षा अरुंद नको, पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

---

पेठचे_गुरुजी | सोमवार, दुपारी १.२०

मधली सुट्टी आहे, थोडक्यात लिहितो. आमच्याकडे पाऊस कसा असतो ते पूर्व भागातल्या लोकांना सांगून खरं वाटत नाही. नाशिक जिल्हा एक पण हवामानं दोन. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि सिन्नर-येवल्याला टँकर लागतो. तरी दोन्हीकडे शाळेचा नकाशा एकच.

माझ्या खोलीला पत्रा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मी शिकवत नाही, फळ्यावर लिहितो, मुलं उतरवून घेतात. बोललेलं पहिल्या बाकावरही ऐकू येत नाही. सपाट स्लॅब असलेल्या शेजारच्या खोलीत ओल उतरते, वाचनालयाच्या पुस्तकांना बुरशी येते. आमच्याकडे उताराचं छत, खाली पत्र्याचा आवाज मारणारं काहीतरी, आणि आठ फुटी खोल ओटा एवढं मिळालं तरी पावसाळ्याचे चार महिने शाळा भरल्यासारखी वाटेल. कडूनिंब सर, तुमचं स्लॅबवर भागेल, पण उतार आणि कोबा स्वतः उभं राहून करून घ्या.

---

चिनूची_आई | सोमवार, रात्री ८.०५

माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. रॅम्पबद्दल मला बोलायचंच आहे.

त्याच्या पहिल्या शाळेत रॅम्प होता. कागदावर 'रॅम्प आहे' अशी खूणही होती. जोतं दोन फूट उंच आणि रॅम्प सहा फूट लांब. वर गुळगुळीत टाइल. पहिल्याच पावसात मी खुर्ची ढकलताना माझा पाय घसरला आणि खुर्ची मागे आली. चिनूचं डोकं कठड्याला लागलं, तीन टाके पडले. त्यानंतर दोन वर्षं मी त्याला उचलून आत नेलं. तो नऊ वर्षांचा झाला तेव्हा माझ्याने उचलवेना.

नियम १ ला १२ चा आहे. जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब हवा, म्हणजे चोवीस फुटांच्या जवळपास. नकाशावर हे पट्टीने मोजून बघा. जागा पुरत नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवता येतो. खरबरीत फरशी, दोन्ही बाजूंना कठडा. आणि रॅम्प चढून गेल्यावर वर्गाच्या दाराशी दोन इंचाचा उंबरा ठेवू नका.

स्वच्छतागृहाचं एक दार ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं हवं, आत धरायला दांडा हवा. मुलं दिवसभर शाळेत असतात. चिनू त्या शाळेत पाणी पीत नव्हता, मला हे खूप उशिरा कळलं.

---

कडूनिंब | सोमवार, रात्री ८.३१

ताई, आत्ता उठून पट्टी घेतली. आमच्या नकाशात रॅम्प २.४ मीटर दाखवला आहे आणि जोतं ६० चं. गुरुवारी हा पहिला मुद्दा.

---

मुख्याध्यापिका_नाशिकरोड | सोमवार, रात्री ९.५०

चिनूच्या आईंनी पाण्याचं लिहिलं ते वाचून थांबले. मोठ्या मुली आमच्याकडेही पाणी पीत नाहीत. मी सातवीच्या मुलींना बसवून विचारलं तेव्हा सांगितलं: दाराला आतून कडी नाही, नळाला पाणी नाही, आणि जायची वाट मुलांच्या खेळण्याच्या जागेवरून जाते. नकाशात 'मुलींचे स्वच्छतागृह' असं लिहिलं की तपासणीला ते पुरतं. मुलींना पुरत नाही.

साधारण ४० मुलामुलींमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या हा मापदंड आहे. वेगवेगळी दारं, वेगवेगळ्या वाटा. वर पाण्याची टाकी असेल तरच नळ जोडा, नाहीतर तो नुसता भिंतीवर राहतो. पॅडसाठी झाकणाचा डबा आणि त्याची विल्हेवाट कोण लावणार याचं नाव. हात धुवायचे नळ दोन उंचीवर. पहिलीतलं मूल मोठ्यांच्या नळाला लोंबकळतं आणि बाहीवरून पाणी आत घेतं.

पोषण आहाराचं स्वयंपाकघर वर्गांपासून सुटं ठेवा. सिलिंडर बाहेर, जाळीच्या कोनाड्यात. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला ९४ मुलं गेली. आग स्वयंपाकाच्या जागेतून झावळ्यांच्या छताला लागली होती. त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातल्या सगळ्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. ही तारीख मी दरवर्षी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना सांगते. त्या रडतात, पण शेगडीजवळ कागदाचा तुकडा पडू देत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही हे सगळं आहे: दर शिक्षकामागे एक खोली, अडथळाविरहित प्रवेश, वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. तुम्ही कोणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात. आणि समितीत निम्म्या महिला असतात. गुरुवारी त्यांना सोबत न्या.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ६.४०

शहरातलं एक सांगतो. मी जुन्या नाशकातला. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आमच्याकडे पुराचं माप ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घराजवळच्या शाळेच्या तळमजल्यात पाणी शिरलं. दाखल्यांची जुनी रजिस्टरं खालच्या कपाटात होती, त्यांचा लगदा झाला. माझ्या वडिलांचा जन्मदाखला त्यातच होता. नदीकाठच्या गावांनी निळी आणि लाल पूररेषा बघूनच जागा ठरवावी. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या.

त्याच शाळेत वरच्या मजल्यावरून खाली यायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाला सरकतं लोखंडी दार. शाळा भरली की शिपाई त्याला कुलूप लावतो, मुलं पळून जाऊ नयेत म्हणून. त्याचा हेतू चांगला आहे. पण किल्ली त्याच्या खिशात आणि तो चहाला.

---

निवृत्त_ओव्हरसीअर | मंगळवार, रात्री ९.१५

काँक्रीटचं राहिलं होतं.

तुमच्या चौथीच्या खोलीची सळई का गंजली? बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं, सळईखाली पुरेसं कव्हर नव्हतं. स्लॅबच्या सळईखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट हवं. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे ठेवतात, कव्हर ब्लॉक. ते नसले की मिस्त्री हाताला येईल तो खडीचा तुकडा सारतो. काँक्रीट ओतताना माणसं सळयांवरून चालतात, खडी निसटते, सळई खालच्या फळीला टेकते. सेंट्रिंग काढलं की खालून सळईची रेघ दिसते, ती गिलाव्याने झाकतात. वरून पाणी झिरपलं की गंज. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचा थर ढकलून देतं. तुमच्या बाकावर पडला तो पोपडा वीसेक वर्षांपूर्वी स्लॅब भरताना त्या दिवशी दुपारी तयार झाला होता.

म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी समितीने माळ्यावर चढावं आणि सळईखाली बोट घालून बघावं. जात नसेल तर काम थांबवायला सांगा. माल घट्ट वाटला की मिस्त्री बादलीभर पाणी ओततो, ते होऊ देऊ नका. नंतर आळी करून पाणी भरून ठेवा, सध्याच्या मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस. आपल्याकडे मे महिन्यात पाणी नसतं, मग स्लॅबची तारीख पाणी बघून धरा.

आणखी एक, कळकळीने. निर्लेखन झालेल्या खोल्या पाडून टाका. कुलूप लावून ठेवू नका. मुलं मागच्या बाजूला जातातच, चेंडू जातो, सावली असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला वर्गाचं छत पडून तीन मुलं गेली. २०२५ च्या जुलैत राजस्थानात झालावाडजवळ पिपलोदीला सात. दोन्ही वेळा पावसाळा होता. या दोन्ही बातम्या मी कापून ठेवल्या आहेत.

---

सातपूरकर | मंगळवार, रात्री १०.०२

मी वर घाई करा म्हटलं होतं. काकांनी गुरुवारी काय आणि नंतर काय हे वेगळं करून दिलं, ते पटलं. आमच्या गावी सगळंच एकदम मागितलं गेलं होतं, म्हणून अडलं. हा धागा तिकडे पाठवतोय.

---

कडूनिंब | शुक्रवार, रात्री १०.२०

काल साहेब आले. आम्ही सातजण होतो, त्यात चार महिला. साहेब तरुण आहेत, वैतागले नाहीत, उलट म्हणाले की नकाशा घेऊन कोणी बसत नाही. गावातल्या एकाने जेसीबी दिला, खड्डे त्यांच्यासमोरच घेतले. पूर्वेच्या दोन कोपऱ्यांत सात फुटांवर मुरूम लागला. पश्चिमेच्या एका कोपऱ्यात दहा फूट गेलो तरी काळीच. नकाशात पाया पाच फूट होता. साहेब खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले इमारत पूर्वेकडे सरकवू आणि पायाची खोली बदलून अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला पाठवू. मातीचा नमुना मेरीत गेला.

दीड गुणांकाचं उत्तर लगेच 'हो' आलं. रॅम्प वळवून ७.२ मीटर बसला, त्यासाठी ध्वजस्तंभ हलवावा लागेल. दुसरं दार दोनच खोल्यांना मिळालं, बाकी दोन खोल्यांसाठी ग्रामपंचायत बघते म्हणाली. उंची ३.६ आधीच होती. वरच्या मजल्याला नाही म्हणाले, निधी नाही.

सहावी-सातवीच्या मुलींना आमच्या समितीतल्या काकूंनी विचारलं. त्यांनी सांगितलं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं: स्वच्छतागृहाची जाळी खालच्या बाजूला आहे, ती वर हवी. नकाशात लाल पेनाने केलं.

---

कडूनिंब | चार महिन्यांनंतर, बुधवार, रात्री ८.४५

जुन्या खोल्या पाडल्या. पाया मुरुमावर टेकला, शेवटच्या कोपऱ्यात नऊ फुटांवर. मुरूम भरताना आम्ही पाळीपाळीने थांबलो. शनिवारी सकाळी आठला जोत्याच्या बीमचं काँक्रीट आहे. ओव्हरसीअर काका, जमलं तर याल का? गाडी पाठवतो.

---

निवृत्त_ओव्हरसीअर | बुधवार, रात्री ९.०५

सातला येतो, काँक्रीटच्या आधी सळई बघायची आहे. ठेकेदाराला क्यूबचे, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे, सहा साचे आणायला सांगा, तीन सात दिवसांसाठी, तीन अठ्ठावीस दिवसांसाठी. आणि कव्हर ब्लॉक आदल्या दिवशी पाण्यात टाकून ठेवा.